नकाशावरचे अंतर आणि घड्याळातला वेळ

पुणे-नाशिक रस्त्यावरचा आळेफाटा एसटीच्या प्रवाशांना चांगलाच परिचित आहे. आळ्याच्या शाळेत ‘पुण्याहून नाशिक किती दूर?’ असे विचारले, तर ‘२१० किलोमीटर’ हे उत्तर सहज येईल. विमानाला मात्र ते लागू पडत नाही. असे का, ते आपण नकाशापुस्तकाच्या मदतीने पाहू.

पुण्याचे अक्षांश सुमारे १८° ३१′ उत्तर, नाशिकचे २०° ००′. रेखांशांतला फरक जेमतेम चार मिनिटांचा. म्हणजे नाशिक पुण्याच्या जवळजवळ थेट उत्तरेला आहे. अक्षांशांतला फरक ८९ मिनिटे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे साधारण एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर. म्हणून सरळ अंतर ८९ × १.८५२, सुमारे १६५ किलोमीटर.

मग रस्त्याचे जास्तीचे ४५ किलोमीटर आले कुठून? ‘रस्ता आळ्याकडे, पूर्वेला वळतो म्हणून,’ असे विद्यार्थी म्हणतील. पडताळून पाहू. सरळ रेषा जुन्नरच्या जवळून जाते. आळेफाटा पुण्याच्या सुमारे ७२ किलोमीटर उत्तरेला व २६ किलोमीटर पूर्वेला आहे. पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण येतो ७६.६. तेथून नाशिक ९३ किलोमीटर उत्तरेला व ३३ किलोमीटर पश्चिमेला, कर्ण ९८.७. बेरीज सुमारे १७५. एवढ्या मोठ्या वळणाने वाढले फक्त १० किलोमीटर! उरलेले ३५ किलोमीटर लहानमोठ्या असंख्य वळणांचे आहेत. भीमा, घोड, मीना, कुकडी, मुळा, प्रवरा या नद्या पूर्वेकडे वाहतात आणि त्यांच्यामधल्या डोंगररांगाही त्याच दिशेने पसरतात. उत्तरेला जाणाऱ्या रस्त्याला त्या सगळ्या ओलांडाव्या लागतात. चंदनापुरीचा घाट हे त्याचेच उदाहरण.

आता वेळ. लोहगाव आणि ओझर हे विमानतळ जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. अक्षांशांतला फरक ९२ मिनिटे, म्हणजे अंतर सुमारे १७० किलोमीटर. ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या विमानाला भागाकाराने २० मिनिटे पुरतील. प्रत्यक्षात तेवढ्यात भागत नाही. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरण्यासाठी वळणे, पुन्हा जमिनीवर चालणे, या साऱ्यात वेग कमी असतो. म्हणून सूत्र असे लिहावे:

एकूण वेळ = ठरावीक वेळ + (अंतर ÷ वेग)

ठरावीक वेळ २५ मिनिटे धरली, तर १७० किलोमीटरच्या प्रवासात ती निम्म्याहून अधिक होते. १,००० किलोमीटरच्या प्रवासात तीच सुमारे एक षष्ठांश उरते. विमानाचा खरा फायदा लांबच्या पल्ल्यात का, ते यावरून कळते.

आळ्याच्या माणसाला नाशिकला विमानाने जायचे तर आधी उलट दिशेने लोहगाव गाठावे लागेल. तेव्हा ‘वीस मिनिटांत नाशिक’ असे कुणी म्हटले, तर विद्यार्थ्यांनी विचारावे: कुठल्या दारापासून कुठल्या दारापर्यंत? आपल्या गावापासून हा हिशेब वर्गात जरूर करून पाहा.