रोजगाराची वाट आणि सोलापूरचें घर

कर्त्या पुरुषाचें काम सुटलें म्हणजे घरापुढें दोन प्रश्न उभे राहतात. दुसरें काम कोठें मिळेल हा एक. आणि तें मिळेपर्यंत चूल कशी पेटती ठेवावी हा दुसरा. सोलापुरांतील कामकरी घरांना या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर वारंवार शोधावें लागलें आहे.

सोलापुरांत पहिली कापडगिरणी १८७७ सालीं सुरू झाली. तिच्या मागोमाग इतर गिरण्या निघाल्या. तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांनीं शहराच्या पूर्व भागांत माग मांडले. पुढें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि भोंग्यावर चालणारीं घरें भोंग्यावांचून चालवणें भाग पडलें. पुरुष यंत्रमागावर काम पाहूं लागले. तेथें काम मिळतें तें बहुधा नात्यागोत्यांतील कोणाच्या तरी शब्दावर. सूत महागलें किंवा चादरीला उठाव नसला, कीं माग थांबतात आणि शोध पुन्हां सुरू होतो.

अशा वेळीं अनेक घरें तरतात तीं स्त्रीच्या विडीवर. कारखान्यांतून पान व तंबाखू आणावयाची. पान भिजवून मापानें कापावयाचें. तंबाखू भरून विडी वळावयाची, दोऱ्यानें बांधावयाची, आणि हजाराच्या हिशेबानें परत द्यावयाची. मोजणींत नापसंत झालेल्या विडीचे श्रम वायां जातात. घरीं बसून होतें म्हणून हें काम हलकें नव्हे. मान व कंबर भरून येते, तंबाखूची धूळ मुलांच्याहि नाकांत जाते. तेव्हां या मिळकतीला वरखर्चाचा पैसा म्हणणें हा हिशेबांतील मोठाच घोटाळा होय.

काटकसरीचें दुसरें ठिकाण म्हणजे स्वयंपाकघर. या जिल्ह्यांत रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निघते, व सुगींत ती बहुधा स्वस्त असते. वर्षाची बेगमी तेव्हांच करणें फायद्याचें. परंतु त्यास एकरकमी पैसा लागतो. तो नसलेल्या घराला किलो-दोन किलो घेत वर्षभर चढा भाव द्यावा लागतो. गरिबी अशी महाग पडते! भिशीचा उपयोग येथेंच आहे. दरमहा थोडें थोडें टाकून आपली पाळी सुगीच्या सुमारास लागली, तर पोतें घरांत येतें.

कडक भाकरीचेंहि तसेंच आहे. पातळ थापून ओलावा जाईपर्यंत भाजलेली ही भाकरी बरेच दिवस टिकते. एका बैठकींत अनेक दिवसांच्या भाकरी होतात. जोडीला कोरडी शेंगाचटणी असली कीं जेवण भागतें. सरपण वांचतें, आणि विड्या वळणाऱ्या स्त्रीला त्याहून मोलाचा असा वेळ मिळतो.

मात्र काटकसर ही मिळकतीची जागा घेऊं शकत नाहीं. ती फक्त मुदत मिळवून देते. ती मुदत मुलांचें दूध, औषध किंवा शाळा तोडून मिळवली, तर पुढल्या पिढीच्या नांवावर कर्ज काढल्यासारखेंच होतें. उलट, थोड्या शिलकेला संघटनेची व सरकारी मदतीची जोड मिळाली म्हणजे काय होतें, तें शहराजवळच्या कुंभारी येथें दिसतें. गोदूताई परुळेकर यांच्या नांवानें विडी कामगार स्त्रियांसाठीं उभारलेल्या दहा हजार घरांचा अर्पणसोहळा २००६ सालीं झाला. हजारोंच्या हिशेबानें विड्या मोजून देणाऱ्या हातांना तेथें स्वतःचें दार लाभलें.