किल्ली अमिनाच्या हाती

गोदामात माल ठेवून ज्याची झोप कधी उडाली नाही असा कापड व्यापारी विरळाच. काही वर्षांपूर्वी आमच्या अकरा गाठी भाड्याच्या गोदामात पावसाने भिजल्या. गोदामवाल्याने पावतीमागचा बारीक मजकूर दाखवून हात वर केले. तेव्हापासून कोण कसा माल सांभाळतो हे पाहण्याची आम्हाला खोडच लागली. मोरोक्कोतील 'अगादीर'ची हकीकत त्यातूनच हाती आली.

अगादीर म्हणजे अमाझिघ (बर्बर) शेतकऱ्यांचे सामाईक, तटबंदीचे कोठार. त्या देशातील अगादीर शहराचे नावही याच शब्दावरून पडले. दक्षिणेकडील अँटी-अ‍ॅटलास डोंगरात अमतूदी गावाजवळ खडकाच्या माथ्यावर 'इद ईसा' हे शेकडो वर्षांचे कोठार उभे आहे. मुलूख कोरडा, त्यात लुटारूंची भीती. म्हणून एका चांगल्या हंगामाचा गल्ला पुढच्या वाईट वर्षांसाठी वर नेऊन ठेवत. जव, बदाम, अर्गानचे तेल तर असेच. शिवाय दागिने, लोकरी कपडे, जमिनीचे कागद, निकाहनामेसुद्धा.

व्यवस्था ऐकण्यासारखी आहे. प्रत्येक घराण्याची कोठडी वेगळी आणि तिची किल्ली घरधन्याकडे. मुख्य दरवाजाची किल्ली मात्र गावाने नेमलेल्या राखणदाराकडे. त्याला म्हणतात अमीन. हा शब्द आपल्याला काही परका नाही. म्हणजे धनी एकटा आत जाऊ शकत नाही आणि अमीन कोणाची कोठडी उघडू शकत नाही. त्याचा मेहनताना धान्यात. कायदेकानू लिहून ठेवलेले, त्यांना 'लौह' म्हणत. चोरीला आणि भांडणाला दंड ठरलेला. कोठड्यांच्या दारांना खाली मांजरापुरते भोक असे, उंदरांच्या बंदोबस्तासाठी. (मांजर आम्हीही पाळले होते, ते गाठींवर झोपण्यापलीकडे काही करीत नसे.)

पुढे बाजारचे धान्य गावोगाव पोहोचले, लोक शहरांकडे गेले आणि पुष्कळ अगादीर ओस पडून ढासळले. वास्तुविशारद सलीमा नाजी यांनी तेथल्याच कारागिरांना हाताशी धरून दगड, माती आणि लाकडानेच काही कोठारे पुन्हा उभी केली. त्यांचे हे काम २०१३ साली आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या निवडक यादीत आले होते.

इद ईसा आज संग्रहालयासारखे पाहायला मिळते. पण चढण चढण्याआधी राखणदाराला गाठावे लागते, कारण दरवाजाची किल्ली अजूनही त्याच्याकडेच असते.