गाडी मोठी घेतली, पण मागचा बेल्ट लावला का?

कान्हे फाट्यावरून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाला लागलं, शेजारून भरलेला ट्रक गेला, की आपल्याला वाटतं, गाडी मोठी हवी होती. हे निम्मं खरं आहे.

समजा, १,००० आणि २,००० किलोच्या दोन गाड्या ताशी ५० किमी वेगाने समोरासमोर धडकून एकमेकींत अडकल्या. लहान गाडीच्या वेगात सुमारे ६७ किमीचा फरक पडतो, मोठीच्या ३३. म्हणजे लहान गाडीतल्यांना दुप्पट हिसका. पण २५ टनांच्या ट्रकपुढे दोन्ही हलक्याच!

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मर्सिडीज कठड्याला धडकली. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्यांनी बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं.

नवी गाडी घेताना आपण २०२३ पासून सुरू झालेल्या 'भारत एनकॅप'चे स्टार जरूर पाहावेत. मात्र ते साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांतच ताडून पाहावेत.

आणि लेकराला मांडीवर घेऊ नये. धडकेत आईचे हात त्याला धरून ठेवू शकत नाहीत. त्याला त्याची वेगळी सीट हवी. मागे बसलेल्या अम्मी-अब्बांनाही बेल्ट कायद्याने सक्तीचाच आहे. तो लागल्यावरच आपण गाडी सुरू करूया.