कम्युनिटी कॉलेज : कोणासाठी आणि कशासाठी?

परीक्षांचे निकाल लागले की चर्चच्या कचेरीत चारित्र्याचा दाखला आणि शिफारसपत्र मागण्यासाठी पालकांची रीघ लागते. ज्यांच्या मुलांना भरपूर गुण मिळालेले असतात ते पालक पुढे उभे राहून मोठ्याने बोलतात. ज्यांची मुले गणितात किंवा इंग्रजीत अडकलेली असतात ते मागे राहतात आणि गर्दी ओसरल्यावर हळूच विचारतात, "फादर, आता ह्याचे पुढे काय करावे?" हा लेख ह्या मागे राहणाऱ्यांसाठी लिहिला आहे.

त्यांना सांगण्यासारख्या ज्या वाटा आहेत त्यांपैकी एकीचे नाव कम्युनिटी कॉलेज. सरकारी कागदांत तिला समुदाय महाविद्यालय म्हणतात. नावामुळे प्रथमच एक गैरसमज होतो, तो दूर केला पाहिजे. 'कम्युनिटी' म्हटले की आपल्याकडे कोणास जात आठवते, कोणास ख्रिस्ती समाज. वस्तुत: येथे त्या शब्दाचा अर्थ एवढाच की, ते महाविद्यालय ज्या मुलखात आहे त्या मुलखात राहणारी सर्व माणसे, मग ती कोणत्याही जातीची वा धर्माची असोत. त्या मुलखात कोणती कामे आहेत, कोणत्या कामाला माणसे मिळत नाहीत, हे आधी पाहावयाचे आणि त्याप्रमाणे अभ्यासक्रम ठरवावयाचा, हे ह्या संस्थेचे मूळ तत्त्व आहे.

ह्या कल्पनेचा जन्म अमेरिकेत झाला. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर ह्यांचे मत असे होते की, पदवीच्या चार वर्षांपैकी पहिली दोन वर्षे ही माध्यमिक शिक्षणाचाच पुढील भाग होत, आणि विद्यार्थ्याला ती विद्यापीठाबाहेरही पुरी करता आली पाहिजेत. इलिनॉय राज्यातील जोलिएट ह्या गावच्या हायस्कुलाचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन ह्यांनी १९०१ साली तसे वर्ग काढले. पहिल्या वर्षी विद्यार्थी होते अवघे सहा! दुसऱ्या महायुद्धानंतर परत आलेल्या सैनिकांना शिकावयाचे होते. त्या सुमारास, १९४७ साली, अध्यक्ष ट्रूमन ह्यांनी नेमलेल्या मंडळाने अशा महाविद्यालयांचे जाळे देशभर पसरावे अशी शिफारस केली, आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झाले. आज तेथे अशी सुमारे एक हजार महाविद्यालये आहेत. एकट्या कॅलिफोर्निया राज्यात ती ११६ आहेत.

तेथे प्रवेशाला गुणांची चाळण नसते. दिवसा काम करणारा माणूस संध्याकाळी वर्गात बसतो. आई आणि मुलगी एकाच वर्गात असल्याचेही कोणास नवल वाटत नाही. दोन वर्षांत साधारणत: साठ श्रेयांक मिळविले की एक लहान पदवी पदरात पडते, आणि ती घेऊन विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाता येते. ज्याला पुढे जावयाचे नसेल तो परिचारिकेचे काम, मोटारदुरुस्ती, वेल्डिंग असे काही शिकून नोकरीला लागतो. अवकाशयानाचे नेतृत्व करणारी पहिली स्त्री आयलीन कॉलिन्स ही सामान्य परिस्थितीतील मुलगी. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंगच्या कम्युनिटी कॉलेजात ती शिकली, १९७६ साली तेथून बाहेर पडून सिराक्यूज विद्यापीठात गेली, आणि १९९९ साली कोलंबिया यानाची प्रमुख झाली.

परंतु असे एक उदाहरण सांगून वाचकांस भुलविणे योग्य होणार नाही. त्याच देशातील अभ्यासकांनी मोजून पाहिले आहे की, ह्या महाविद्यालयांत येणाऱ्या दहा विद्यार्थ्यांपैकी सुमारे आठ जण पूर्ण पदवीची इच्छा धरून येतात. त्यांतील विद्यापीठापर्यंत पोचतात ते तीन, आणि सहा वर्षांत पदवी हाती पडते ती दोघांनादेखील नाही. दार उघडे असते हे खरे. आत शिरल्यावर जिना चढण्यास पैसा, वेळ आणि कोणाचे तरी मार्गदर्शन लागते. ज्यांच्या घरी ह्या तिन्हींची वाण असते त्यांचीच मुले तेथे अधिक असतात.

आता आपल्या देशाकडे वळू. येथील पहिले कम्युनिटी कॉलेज पुदुच्चेरी विद्यापीठाने १९९५ साली काढले आणि पुढच्याच वर्षी मद्रास-मैलापूर महाधर्मप्रांताने चेन्नईत आपले कॉलेज सुरू केले. ही चळवळ पुढे नेण्यात येशूसंघीय धर्मगुरू फादर झेवियर अल्फॉन्स ह्यांचा वाटा मोठा आहे. एका नामांकित महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविलेला हा मनुष्य शाळा सुटलेल्या पोरांच्या शिक्षणामागे लागला, आणि १९९९ साली चेन्नईत त्यासाठी एक स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. तमिळनाडूत चर्चसंस्थेच्या पुष्कळ शाळांच्या इमारती संध्याकाळी मोकळ्या असत. तेथील जाणत्या लोकांनी त्या इमारतींचा असा उपयोग केला. आपल्या भागातही अशा इमारती थोड्या नाहीत, एवढे येथे नमूद करून पुढे जातो.

अमेरिकेच्या नमुन्यात आपल्याकडे एक महत्त्वाचा बदल झाला. तेथे मुख्य आकर्षण विद्यापीठाचे होते. येथे पहिला प्रश्न पोटाचा होता. म्हणून ह्या कॉलेजांतील अभ्यासक्रम बहुधा एका वर्षाचा पदविकेचा ठेवला गेला. वयाची अट नाही, आणि जो शाळेत अपेशी ठरला त्याच्यासाठीच दार प्रथम उघडावयाचे असा दंडक ठेवला. शिकविले जाणारे विषयही तसेच : रुग्णाची शुश्रूषा करणारा साहाय्यक, वातानुकूलन व शीतपेटीची दुरुस्ती, विजेची कामे, नळजोडणी, बालवाडी शिक्षिका, शिवणकाम, खाद्यपदार्थ बनविणे व वाढणे, मोबाइल दुरुस्ती, संगणकावरील हिशेब आणि छपाईची जुळणी. सर्व विषय सर्व ठिकाणी नसतात. ज्या गावाजवळ मोठे रुग्णालय असेल तेथे शुश्रूषेचा वर्ग चालेल, हॉटेले असतील तेथे स्वयंपाकाचा.

ह्या वर्षाची मांडणी नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण तीत ह्या शिक्षणाचे खरे मर्म आहे. आरंभीचे काही महिने हातात पाना किंवा सुई येतच नाही. त्या काळात जे शिकवितात त्यास जीवनकौशल्ये असे जड नाव आहे; प्रत्यक्षात ते असे असते की, चारचौघांत उभे राहून बोलावे कसे, अर्ज लिहावा कसा, मुलाखतीस गेल्यावर खाली मान न घालता उत्तर द्यावे कसे, बँकेत खाते कसे उघडावे, व्यसनापासून दूर कसे राहावे, आणि कामचलाऊ इंग्रजी व संगणक. पुष्कळ पालकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. "पोरगा मोटर दुरुस्त करायला शिकायला गेला, आणि तुम्ही त्याला भाषण करायला लावता?" असा त्यांचा सवाल असतो. परंतु जो मुलगा दहा वर्षे शेवटच्या बाकावर बसला आणि ज्याला कोणी कधी बोलू दिले नाही, त्याच्या हातात हत्यार देण्यापूर्वी त्याचा स्वत:वरचा विश्वास परत आणावा लागतो. हे ज्यांनी ओळखले त्यांनी हा क्रम ठरविला. आमच्या मते ह्या कॉलेजांनी दिलेली ही सर्वांत मोठी देणगी आहे, मोटरदुरुस्तीहूनही मोठी.

त्यानंतर धंद्याचे शिक्षण येते, आणि मग विद्यार्थ्याला कारखान्यात, रुग्णालयात किंवा दुकानात प्रत्यक्ष कामावर पाठवितात. तेथील मुकादम किंवा मुख्य परिचारिका त्याच्याविषयी काय म्हणते ह्यालाही परीक्षेत मोल असते. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, गिऱ्हाइकाशी बोलणे ह्या गोष्टी फळ्यावर शिकविता येत नाहीत. पुढे त्याच ठिकाणी नोकरी लागण्याचा संभवही असतो, कारण मालकाने त्याला पारखलेले असते.

येथपर्यंत वाचून कोणी लगेच प्रवेशासाठी धाव घेईल. त्याने थोडे थांबावे. प्रमाणपत्राला मान्यता कोणाची, हा प्रश्न ह्या संस्थांना आरंभापासून जाचत आला आहे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने २००९ साली देशभरच्या शेकडो कम्युनिटी कॉलेजांना आपल्या छत्राखाली घेतले. परंतु काही वर्षांतच ती योजना बंद पडली. पुढे २०१३ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने स्वत:ची योजना आणली. तीत सहा महिन्यांचे प्रमाणपत्र, एका वर्षाची पदविका, दोन वर्षांची प्रगत पदविका अशा पायऱ्या ठरविल्या, आणि तिसऱ्या वर्षाअखेर व्यवसाय शिक्षणाची पदवी, जिला बी.व्होक. म्हणतात, ती घेण्याची सोय झाली. अभ्यासाचा साठ टक्के भाग कौशल्याचा व चाळीस टक्के सर्वसाधारण ज्ञानाचा असावा असे ठरले. शिडी चांगली आहे. पण तिच्या पहिल्या पायरीला बारावी उत्तीर्ण होण्याची अट आली. म्हणजे चेन्नईत ज्या पोरासाठी हा सारा खटाटोप सुरू झाला तो दहावी नापास पोरगा पुन्हा बाहेरच राहिला. हे आम्हांस फार सलते.

म्हणून त्या पोराने दुसऱ्याही वाटा माहीत करून घ्याव्यात. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, जिला आपण आय.टी.आय. म्हणतो, ती योजना १९५० पासून चालू आहे. काही धंद्यांना तेथे आठवी उत्तीर्ण मुलासही घेतात, आणि तिचे प्रमाणपत्र देशभर चालते. दहावी पुरी करावयाची असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. एकेक विषय सोडवीत जाता येते. अक्षरओळख नसलेल्यांपासून पुढच्या प्रौढांसाठी जनशिक्षण संस्थान आहे. त्याचा उगम १९६७ साली मुंबईच्या वरळी भागात गिरणी कामगारांच्या वस्तीत निघालेल्या श्रमिक विद्यापीठात आहे, हे आपल्यापैकी थोड्यांस ठाऊक असेल. कम्युनिटी कॉलेज ह्या सर्वांची जागा घेऊ शकत नाही. ज्या घराजवळ चांगली आय.टी.आय. आहे तेथील मुलाने केवळ 'कॉलेज' ह्या शब्दाच्या मोहाने दुसरीकडे जाऊ नये.

भाषेविषयीही एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपण बेळगावात असू, इंदुरात असू, बडोद्यात वा हैदराबादेत असू, घरात मराठी बोलतो आणि ती आपण जपलीच पाहिजे. तथापि रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या मुलीला रुग्णाची भाषा यावी लागते. कन्नड, हिंदी, गुजराती किंवा तेलुगू शिकण्याची संधी अशा कॉलेजात सहज मिळते, कारण सोबतचे विद्यार्थी तीच बोलतात. तिचा कंटाळा करू नये.

परदेशाचे वेड आता खेड्यांतही पोचले आहे, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज स्वस्त असते हे खरे, पण ते तेथील रहिवाशांना. कॅलिफोर्नियातील रहिवाशाला एका श्रेयांकास ४६ डॉलर पडतात. परदेशी विद्यार्थ्याला त्याच्या कितीतरी पट द्यावे लागतात. कॅनडातील 'कॉलेज' ही बहुतांशी ह्याच जातीची संस्था आहे. तेथील सरकारने २०२४ साली परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपासून कॉलेजच्या पदविकेनंतर मिळणारा कामाचा परवाना ठराविक विषयांपुरता केला. त्याआधी, २०२३ साली, मध्यस्थांनी खोटी प्रवेशपत्रे देऊन भारतीय मुलांना फसविल्याची प्रकरणे उघडकीस आली होती. शेत गहाण टाकून मध्यस्थाच्या हाती पैसे देण्यापूर्वी त्या कॉलेजला स्वत: पत्र लिहून विचारावे, उत्तर येण्यास फार दिवस लागत नाहीत.

जवळच्या कॉलेजाची चौकशी करणे त्याहून सोपे आहे. प्रवेशाचा हंगाम बहुधा जून-जुलैत असतो; त्याआधी एक दिवस काढून तेथे जावे. कार्यशाळा उघडून दाखविण्यास सांगावे. यंत्रांवर धूळ असेल तर काय ते समजावे. प्रमाणपत्रावर कोणत्या विद्यापीठाचा किंवा मंडळाचा शिक्का येतो हे तोंडी ऐकून न घेता, मागील वर्षीच्या एखाद्या प्रमाणपत्राची प्रत पाहावयास मागावी. गतवर्षी बाहेर पडलेल्यांपैकी दोघातिघांना गाठून ते आज कोठे काम करतात आणि हातात किती पडते हे विचारावे. शुल्क एकदम द्यावयाचे की हप्त्याने, कामावर पाठविल्यावर जाण्यायेण्याचा खर्च कोणाचा, मुलींना संध्याकाळी उशीर होतो काय, हेही तेथेच स्पष्ट करून घ्यावे. सोबत शाळा सोडल्याचा दाखला, आधारपत्र व गुणपत्रिका न्यावी, नापासाची असली तरी न्यावी. आणि मुलाला किंवा मुलीला बरोबर न्यावे. पुष्कळ पालक त्यांना घरी ठेवून एकटेच जातात, आपल्याला आवडलेला विषय लिहून देऊन येतात, आणि ऑगस्ट उजाडण्यापूर्वी पोरगा वर्गात जाईनासा होतो.