विषाचा माग

मुलांनो, 'व्हिसेरा तपासणीसाठी पाठवला' असे वाक्य तुम्ही वर्तमानपत्रात वाचले असेल. मृत्यू विषाने झाल्याचा संशय आला, की डॉक्टर शवविच्छेदन करताना जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग काढून ठेवतात. त्यालाच व्हिसेरा म्हणतात. त्यातून विष कसे शोधतात?

आपण उर्दूत ज्याला संखिया म्हणतो, त्याला मराठीत सोमल म्हणतात. या पांढऱ्या भुकटीला वास नाही, चवही जवळजवळ नाही. ती पोटात गेली की उलट्या-जुलाब होतात. पूर्वी लोकांना वाटे, माणूस पटकीने गेला! खुनी सुटे. कधी निरपराध माणसावरही आळ येई, आणि ते अधिक वाईट.

1830 नंतरची गोष्ट. इंग्लंडमध्ये जॉन बोडल या तरुणावर आजोबांना कॉफीतून सोमल दिल्याचा खटला चालला. जेम्स मार्श या रसायनतज्ज्ञाला तपासणीत सोमलाचा पिवळा साका मिळाला. पण न्यायालयात दाखवेपर्यंत तो बिघडला. ज्यूरीची खात्री पटली नाही. जॉन सुटला आणि पुढे त्यानेच गुन्हा कबूल केला.

मार्शच्या मनाला हे फार लागले. 1836 साली त्याने नवी पद्धत प्रसिद्ध केली. नमुन्यात जस्त आणि आम्ल घालायचे. सोमल असेल तर एक विषारी वायू निघतो. तो पेटवून ज्योतीत चिनी मातीची थंड बशी धरली, की तिच्यावर काळा, चकचकीत डाग उमटतो. मिलिग्रॅमच्या पन्नासाव्या भागाइतका सोमलही यात सापडे. शिवाय हा डाग न्यायाधीशांना डोळ्यांनी पाहता येई.

1840 साली फ्रान्समध्ये मारी लाफार्ज हिच्यावर पतीला विष दिल्याचा खटला झाला. तेव्हा ऑर्फिला या तज्ज्ञाने हीच पद्धत वापरून प्रेतातील सोमल दाखवला. पण तो कबरीच्या मातीतून तर आला नसेल? म्हणून त्याने मातीचाही विचार केला.

आज मुंबईत कलिना येथे न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. अशा प्रयोगशाळांत कीटकनाशके शोधायला यंत्रे असतात. गॅस क्रोमॅटोग्राफ मिश्रणातील घटक वेगळे करतो. मास स्पेक्ट्रोमीटर त्यांचे रेणू फोडून तुकड्यांचे वजन सांगतो. त्यावरून औषध कोणते, ते ओळखता येते.

मात्र नमुना सडला, तर यंत्र तरी काय करणार? म्हणून व्हिसेरा मिठाच्या दाट पाण्यात ठेवून बाटली मोहोरबंद करतात. सोबत त्याच मिठाच्या पाण्याची दुसरी बाटलीही पाठवतात. विष त्या पाण्यातच नव्हते ना, हेही तपासावे लागते.