नाटक शिकायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं?

बचत गटाच्या बैठकांना गेलं की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "ताई, पोरगी म्हणतीया बारावीनंतर नाटकाची डिग्री करायची. आता नाटकाची कसली आलीया डिग्री? गणपतीत तर सगळेच नाटक करतात!" प्रश्न रास्त आहे. नर्सिंग म्हटलं की आपल्याला दवाखाना दिसतो, डीएड म्हटलं की शाळा दिसते. नाटकाचं तसं काही डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून आज तेवढंच बोलू.

आधी हे शिकवतात कुठे ते ऐका. पुण्याला सावित्रीबाई फुले विद्यापीठात ललित कला केंद्र आहे. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी आहे, तिथला एमएचा अभ्यासक्रम मात्र पदवी झाल्यावरचा. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, ज्याला सगळे एनएसडी म्हणतात, ते १९५९ साली सुरू झालं. तिथेही आधी पदवी लागते. पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी तिथेच शिकल्या. 'गांधी' सिनेमातल्या कस्तुरबा त्याच.

प्रवेश नुसत्या मार्कांवर होत नाही. बहुतेक ठिकाणी एखादा उतारा पाठ करून, तो करून दाखवावा लागतो, मुलाखत होते. तिथे रंग आणि उंची बघतात असा आपला समज असतो. खरं तर शिकवणारा बघतो की ही पोर ऐकते का, सांगितलेलं बदलून करून बघते का, आणि चारचौघांत अंग चोरते का.

आता शिकवतात काय? सकाळी अंग मोकळं करायचे व्यायाम. मग आवाज. माईक नसताना शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द ऐकू गेला पाहिजे, आणि घसा तर बसता कामा नये. त्यासाठी श्वास पोटातून घ्यायला शिकवतात. आपल्या आज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. हातानं जड जातं फिरवायचं आणि तोंडानं ओवी म्हणायची, दम तुटू द्यायचा नाही. छातीतल्या छातीत श्वास घेऊन ते जमतच नाही.

मग उच्चार. 'आनि-पानी' म्हणणाऱ्या पोरीला इथे धास्ती वाटते, शहरातली मुलं हसतील म्हणून. 'ण' तिला शिकावा लागतोच. पण स्वतःची बोली टाकून देण्याची गरज नाही. प्रमाण भाषा बोलणारी मुलं ढीगभर असतात. खानदेशी, मालवणी, वऱ्हाडी अस्सल बोलणारी मुलगी वर्गात एखादीच असते, आणि नाटकाला तीही हवी असते.

मुख्य विषय अर्थात अभिनय. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात त्याचे चार प्रकार सांगितले आहेत: अंगाचा, वाणीचा, वेशभूषेचा आणि मनातून उमटणारा. नावं पाठ करायला सोपी आहेत. कष्ट आहेत ते सरावात. दोनच शब्द घ्या, "पाणी दे." शेतातून दमून आलेली आई लेकाला म्हणते, "पाणी दे." पाहुण्यांसमोर सासू नव्या सुनेला म्हणते, "पाणी दे." आणि दुसऱ्या आळीच्या विहिरीवर, लांब उभी राहिलेली तहानलेली बाई म्हणते, "पाणी दे." शब्द तेच, पण मान, डोळे, पायांतलं अंतर सगळं बदलतं. ही बाई कोण, कुठून आली, तिला काय हवंय आणि तिला कोण अडवतंय, हे शोधल्याशिवाय शब्द बोलायचाच नाही, ही सवय तिथे लावतात.

विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक बघा. १९६७ साली ते आलं तेव्हा सुलभा देशपांडे यांनी त्यातल्या बेणारेबाई केल्या. प्रयोगासाठी गावात आलेली मंडळी वेळ घालवायला खोटा खटला मांडतात आणि खेळता खेळता या अविवाहित शिक्षिकेचं खासगी आयुष्य चव्हाट्यावर आणतात. सुरुवातीला ती सारखी हसते, थट्टा करते. ही भूमिका अभ्यासणाऱ्या मुलीला आधी ते हसू समजून घ्यावं लागतं. पोटात मूल आहे, कुणाला सांगायची सोय नाही, तेव्हा बाई का हसते? याचं उत्तर आपल्यातल्या कितीतरी जणींना पुस्तक न उघडता देता येईल.

शिवाय प्रकाशयोजना, नेपथ्य, कपडेपट हेही असतं. रंगमंच झाडायचा, खिळे ठोकायचे, पडदे शिवायचे. नुसतं नटायला आलेल्या मुली इथेच कंटाळतात.

घरच्यांची धास्ती मी हसण्यावारी नेत नाही. आपल्याकडे कितीतरी वर्षं बायकांच्या भूमिका पुरुषच करत. बालगंधर्वांची थोरवी त्यातलीच. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या त्याचं म्हणूनच एवढं कौतुक. तेव्हा "लोक काय म्हणतील" यात अडकू नका, पण कामाचे प्रश्न जरूर विचारा. तालमी रात्री किती वाजेपर्यंत चालतात? वसतिगृहाचं दार कधी बंद होतं, आणि तालमीनंतर मुली परत कशा जातात? अंतर्गत तक्रार समितीत कोण आहे? २०१३ च्या कायद्याने ही समिती बंधनकारक आहे. अभिनयात अंगाला हात लागण्याचे प्रसंग येतात, म्हणून नको तिथे 'नको' म्हणायचा हक्क मुलीला पहिल्या दिवसापासून माहीत हवा. फी आणि महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीचं विद्यापीठाच्या कार्यालयातच विचारा, शेजारच्या पोरावर विसंबू नका.

पुढे काय, तेही स्पष्ट सांगते. डिग्री मिळाली म्हणून भूमिका मिळत नाही. सुरुवातीची काही वर्षं ओढाताणीची असतात. मालिका, नाटकं यांच्याखेरीज डबिंग, मुलांची नाट्यशिबिरं, रेडिओ, आरोग्याच्या प्रचाराची पथनाट्यं अशी कामं असतात. एमए करून नेट किंवा सेट परीक्षा दिली तर कॉलेजात शिकवण्याची वाट आहे. सुषमा देशपांडे यांनी 'व्हय मी सावित्रीबाई' हा एकपात्री प्रयोग एकटीच्या बळावर गावोगाव नेला, हेही मुलीला सांगा.

आणि कुणी "तीन महिन्यांत मालिकेत घालतो, फोटोचे आणि नाव नोंदणीचे पैसे भरा" म्हणालं, तर एक रुपयाही देऊ नका. कुठलंही विद्यापीठ भूमिकेची हमी देत नाही. जो देतो, त्याच्याकडे आधी त्याच्या जुन्या विद्यार्थिनींचे फोन नंबर मागा, आणि गटातल्या दोघीजणी मिळून त्यांना फोन करा.