माणशी तीस रुपये!

एक साधा भागाकार करू. जुलै १९९१. देशाच्या गंगाजळीत परकीय चलन आहे सुमारे २,५०० कोटी रुपयांचं. हा आकडा ऐकीव नाही. डॉ. मनमोहनसिंगांनी २४ जुलैच्या अर्थसंकल्पी भाषणात तो लोकसभेत सांगितला आणि वर हेही सांगितलं, की एवढ्यात जेमतेम पंधरवड्याची आयात भागेल. त्या वर्षीच्या जनगणनेत लोकसंख्या भरली ८४ कोटी ६० लाख. आता भागा. माणशी येतात साडेएकोणतीस रुपये! तीससुद्धा नाहीत!

तेव्हा नुकतीच सूत्रं हाती घेतलेले पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान म्हणून कसे होते, यावर आजही दोन मराठी माणसं तावातावानं भांडू शकतात. भांडायला आपल्याला हक्कही आहे. हा माणूस पुण्यात आणि नागपुरात शिकला, रामटेकमधून दोनदा लोकसभेवर गेला, हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’चा त्यानं तेलुगूत अनुवाद केला. पण भांडण नेहमी विशेषणांनी होतं. एक म्हणतो, आधुनिक चाणक्य. दुसरा म्हणतो, मौनीबाबा, सगळं तर मनमोहनसिंगांनी केलं! आज विशेषणं बाजूला ठेवू आणि नुसते आकडे मोजू. मजा येईल.

आधी ते २,५०० कोटी हाताळून बघा. सेकंदाला एक रुपया या वेगानं, न झोपता, न जेवता मोजायला बसलात तर ७९२ वर्षं लागतील. म्हणजे जुलै १९९१ मध्ये शेवटचा रुपया हातात यायचा असेल, तर मोजणी ११९९ साली सुरू करायला हवी होती. तेव्हा देवगिरीवर यादव राज्य करत होते आणि ज्ञानेश्वरी लिहिली जायला अजून नव्वद वर्षं अवकाश होता. आठ शतकांची ही मोजणी देश किती दिवसांत उडवणार होता? पंधरा! सेकंदाला जवळजवळ वीस हजार रुपये. चौथ्या वेतन आयोगानं सरकारी शिपायाचा किमान मूळ पगार ठरवला होता महिना ७५० रुपये. शिपायाचा दोन वर्षांचा मूळ पगार, टिचकी वाजवायच्या आत साफ. पुढच्या टिचकीला पुढची दोन वर्षं.

जात कुठे होता हा पैसा? मोठा वाटा तेलात. ऑगस्ट १९९० मध्ये सद्दाम हुसेन कुवेतमध्ये घुसला आणि १७-१८ डॉलरचं पिंप बघता बघता चाळिशीपार गेलं. आपण त्या काळी वर्षाला दोन कोटी टनांहून जास्त कच्चं तेल आणत होतो. दोन कोटी टन म्हणजे किती? आपल्याकडची चांगली बांधीव विहीर घ्या, वीस फूट रुंद आणि चाळीस फूट खोल. काठोकाठ तेलानं भरा. अशा पासष्ट हजारांहून जास्त विहिरी लागतील! आता त्या ओळीनं खणा. मुंबई ते पुणे, रेल्वेनं १९२ किलोमीटर, रुळांच्या दोन्ही बाजूंना कठड्याला कठडा लावून, मधे पाय ठेवायला जागा न सोडता. दादर, ठाणे, कल्याण, खंडाळ्याचा घाट, थेट पुणे स्टेशनपर्यंत दुतर्फा विहिरीच विहिरी. तरी दोन-तीन हजार उरतीलच. आणि हे फक्त एका वर्षाचं.

अशा घरात २१ जून १९९१ ला राव नावाचा हा माणूस शपथ घेतो. सत्तरीला पोचलेला, त्या वर्षी निवडणूकच न लढवलेला, दिल्लीतलं बाडबिस्तर गुंडाळून हैदराबादकडे निघालेला. लोकसभेत बहुमत नाही. खासदारकीसुद्धा नाही! ती नोव्हेंबरात नंद्यालच्या पोटनिवडणुकीत मिळवली, ५ लाख ८० हजारांच्या मताधिक्यानं. गिनेस बुकात नोंद झालेला विक्रम होता तो. पुढे २०१४ मध्ये बीडच्या पोटनिवडणुकीत प्रीतम मुंडे ६ लाख ९६ हजारांवर गेल्या, तेव्हा मोठ्या आकड्यांचं आपल्यालाही वावडं नाही.

आता सोनं. इथे जरा थांबूया, कारण घरचं सोनं गहाण पडलं की मराठी माणसाला अर्थशास्त्र आपोआप कळतं. मे महिन्यात चंद्रशेखर सरकारच्या काळात २० टन सोनं स्विस बँकेला विकून झालं होतं. जुलैमध्ये राव सरकारच्या काळात रिझर्व्ह बँकेनं मुंबईतून विमानानं आणखी ४७ टन सोनं परदेशी धाडलं, बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण म्हणून. मिळाले ४० कोटी डॉलर. बातमी फुटली आणि देशाची मान खाली गेली.

४७ टन म्हणजे ४० लाख तोळे! आहे की नाही छाती दडपणारा आकडा? आता उलट्या बाजूनं बघा. सोनं इतकं जड, की हे सगळं वितळवून ओतलं तर गच्चीवरच्या हजार लिटरच्या अडीच टाक्यांत मावतं. मालगाडीच्या एका वाघिणीत साठेक टन माल बसतो, म्हणजे एक वाघीणही पुरती भरत नाही. आणि ८४ कोटी ६० लाखांत वाटलं तर माणशी अर्धी गुंजसुद्धा येत नाही. अर्धी गुंज! नाकातल्या चमकीएवढं सोनं प्रत्येकाच्या नावानं गहाण पडलं आणि त्यावर आख्खा देश काही आठवडे तगला. ते कर्ज त्याच वर्षअखेरपर्यंत फिटलं. पुढे २००९ मध्ये याच रिझर्व्ह बँकेनं नाणेनिधीकडून २०० टन सोनं रोखीनं उचललं. २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये ठेवलेलं १०० टन घरी आणलं, म्हणजे गहाण टाकलं होतं त्याच्या दुपटीहून जास्त. मार्च २०२५ अखेर रिझर्व्ह बँकेकडे एकूण सोनं जवळजवळ ८८० टन.

मनमोहनसिंगांचं श्रेय किती आणि रावांचं किती, हा वाद सोन्यापेक्षा रुपयावर जास्त रंगतो. १ आणि ३ जुलै अशा दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन झालं, २१ रुपयांचा डॉलर २६ च्या घरात गेला. पहिल्या टप्प्यानंतर राव कचरले. दुसरा थांबवा म्हणाले. मनमोहनसिंगांनी ३ तारखेला सकाळी रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांना फोन लावला, तोवर काम उरकलेलं होतं. अर्ध्या तासाचा फरक! तेव्हा ‘सगळं रावांनी केलं’ म्हणणाऱ्यांनी हा अर्धा तास लक्षात ठेवावा. मात्र त्याच २४ जुलैला, अर्थसंकल्पाच्या काही तास आधी, १८ उद्योग सोडून बाकी सगळ्यांचं परवाना राज संपवणारं धोरण सभागृहात मांडलं गेलं, आणि उद्योग खातं रावांनी स्वतःकडे ठेवलेलं होतं. हे विसरणारे जास्त आहेत.

मग आकडे पळायला लागतात. आयात शुल्काचा सर्वात वरचा दर ३०० टक्क्यांच्या पुढे होता. शंभराची वस्तू दारात येईतो चारशेची! १९९५ पर्यंत तो दर ५० टक्क्यांवर आला. १९९१-९२ मध्ये विकासदर होता सुमारे १.४ टक्के. त्या चालीनं उत्पन्न दुप्पट व्हायला पन्नास वर्षं. आजोबांनी वाट बघायला लागायचं आणि नातवानं फळ खायचं. १९९५-९६ मध्ये तोच दर ७.३ टक्के. आता दुप्पट व्हायला दहा वर्षंही नकोत, पहिलीतलं पोर दहावी होईतो काम फत्ते. टेलिफोन? १९९१ मध्ये साऱ्या देशात पन्नासेक लाख. दर १६५-१७० माणसांमागे एक! स्लीपरचे दोन डबे पूर्ण भरा, वर वीस-पंचवीस जण दारात उभे करा, आणि सगळ्यांत मिळून एक काळा डबडा फोन द्या. १९९४ चं दूरसंचार धोरण रावांच्या काळातलं, देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ चा. आज फोनजोडण्या १२० कोटींच्या आसपास आहेत.

परराष्ट्र धोरणाचे आकडे मोजायला जरा अवघड, कारण तिथे जे घडलं नाही तेही जमेत धरावं लागतं. सोव्हिएत संघ कोसळला, चाळीस वर्षांचा आधार गेला. रावांनी जानेवारी १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. तेव्हाचा व्यापार २० कोटी डॉलर, तीस वर्षांत १,००० कोटींवर. पन्नासपट! पूर्वेकडे बघा म्हणाले, तर आज आसियान देशांशी व्यापार वर्षाला १२,००० कोटी डॉलरचा. सप्टेंबर १९९३ मध्ये चीनशी ताबारेषेवर शांततेचा करार केला. ही रेषा आपल्या हिशेबानं ३,४८८ किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुणे अंतर अठरा वेळा. त्यातलं बरंचसं सह्याद्रीच्या तिप्पट-चौपट उंचीवर. विरोधक म्हणतात, करारानं रेषा आखली कुठे? बरोबर, आखली नाहीच. २०२० मध्ये गलवानला आपले २० जवान शहीद झाले. शिवाय २०२३-२४ मध्ये चीनबरोबरच्या व्यापारातली आपली तूट होती ८,५०० कोटी डॉलर, सेकंदाला सव्वादोन लाख रुपये! पण तीस वर्षांपूर्वीच्या सहीला आजच्या तुटीचा जाब विचारायचा, तर मधल्या सगळ्या पंतप्रधानांनाही रांगेत उभं करावं लागेल. आणि पोखरण? डिसेंबर १९९५ मध्ये अणुचाचणीची तयारी झाली, अमेरिकी उपग्रहांनी शेकडो किलोमीटरवरून ती टिपली, राव थांबले. स्फोट झाले मे १९९८ मध्ये, वाजपेयींच्या हातून. कुणी याला कच खाणं म्हणतं, कुणी धोरणी माघार. मला हे पहिल्याकडे झुकलेलं दुसरं वाटतं.

खर्चाची बाजू लपवायची नाही. १९९२ चा रोखे घोटाळा ४,००० कोटींच्या वरचा, म्हणजे वर्षभरापूर्वीच्या आख्ख्या गंगाजळीच्या दीडपट! शेअरदलाल हर्षद मेहतानं पंतप्रधानांना सुटकेसमधून एक कोटी दिल्याचा आरोप केला आणि देशभर लोक सुटकेसा मोजायला बसले. शंभराच्या नोटांत एक कोटी म्हणजे एक लाख नोटा, वजन शंभर किलो, हमालही दोन लागतील. पाचशेच्या नोटा असतील तर मात्र मावतात. सीबीआयला पुरावा सापडला नाही, चर्चा मात्र सुटकेसीतच अडकून राहिली. जुलै १९९३ चा अविश्वास ठराव २६५ विरुद्ध २५१ असा फेटाळला गेला. ८४ कोटींच्या देशाचं सरकार १४ मतांवर तरलं! त्या मतांच्या खरेदीचा खटला झाला, २००० मध्ये रावांना शिक्षा झाली, २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं निर्दोष सोडलं. आणि ६ डिसेंबर १९९२, बाबरी मशीद पाडली गेली तो दिवस. त्यानंतर मुंबईच्या दंगलीत ९०० माणसं गेली, १२ मार्च १९९३ च्या स्फोटांत २५७. या आकड्यांची तुलना कशाशीच करणार नाही.

आता शेवटची बेरीज, पुन्हा गंगाजळीची. शंभराची नोट एक ग्रॅमची धरा. जुलै १९९१ चे २,५०० कोटी शंभराच्या नोटांत झाले २५० टन. चार वाघिणी आणि वर थोडं. एका मालगाडीला ५८-५९ वाघिणी असतात, इथे चार! मार्च १९९६ मध्ये, राव जायच्या उंबरठ्यावर असताना, गंगाजळी ७४,००० कोटींवर पोचली. नोटांचं वजन ७,४०० टन. आख्ख्या दोन मालगाड्या! रुपया घसरला म्हणून आकडा फुगला, असं कुणी म्हणेल. मग डॉलरात मोजा, तिथेही शंभरेक कोटींचे २,१७० कोटी झाले, वीसपट. त्यात कर्जाऊ डॉलर होते, शेअर बाजारात आलेले पाहुणे डॉलरही होते, कबूल. पण आले कुठल्या दारानं?

आणि पुढे जा. सप्टेंबर २०२४. गंगाजळी ७०,००० कोटी डॉलरपार. रुपयांत जवळजवळ ५९ लाख कोटी. १६८ मालगाड्या! एकीमागे एक उभ्या करा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पहिलं इंजिन, तर शेवटचा गार्डाचा डबा कल्याण मागे टाकून, कर्जत मागे टाकून, खंडाळ्याच्या घाटात! त्या काळातली शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब होती. १९९१ च्या नोटा टोकाला टोक लावून पृथ्वीला जेमतेम एक वेढा घालायच्या, तोही किंचित अपुरा. १९९६ च्या नोटा चंद्राचं अंतर तीन वेळा कापतात. २०२४ च्या गंगाजळीच्या नोटा तशाच जोडल्या तर पोचतात ९ कोटी २० लाख किलोमीटरवर. चंद्र कधीच मागे पडला. सूर्याच्या निम्म्याहून जास्त वाट सरली!

१६८ मालगाड्या रावांच्या नाहीत. वाजपेयींच्या, मनमोहनसिंगांच्या, मोदींच्या काळात त्या भरत गेल्या, आणि आखातात, अमेरिकेत राबणाऱ्या लाखो भारतीयांनी घरी धाडलेले डॉलरही त्यांत आहेत. रावांच्या नावे लिहायच्या तर दोन. पण चार वाघिणींवरून दोन मालगाड्या, तेही सुरुवातीला बहुमत नसताना, पाच वर्षांत! माझा कौल: अर्थव्यवस्थेत दहापैकी आठ, परराष्ट्र धोरणात सात. तुम्हाला गुण कापायचे असतील तर खुशाल कापा, फक्त आकडा सांगून कापा.